काम बाहेर, जबाबदारी घरात

सांगोल्याच्या पेठेत जून उजाडला की कापड दुकानदारांची कसोटी लागते. डाळिंबाचे पैसे बागाईतदाराच्या हाती कधी पडतील, हे पाऊस आणि बाजार ठरवितात. शाळेची घंटा मात्र जूनच्या मध्याला वाजतेच, आणि त्या दिवशी मुलाच्या अंगावर गणवेश हवा असतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी येथील एका जुन्या पेढीच्या मालकांनी तालुक्यातील काही शाळांचे गणवेश आणि पावसाळी जाकिटे पुरविण्याचे काम घेतले. पेठ त्यांना अण्णा म्हणून ओळखते. शिलाईचे सारे काम त्यांनी सोलापुरातील एकाच कारखान्याकडे सोपविले. दर कमी, उधारी दोन महिन्यांची आणि व्यवहार तोंडी. मे महिन्यात त्या कारखान्याला मोठे गिऱ्हाईक मिळाले. अण्णांचा माल मागे पडला आणि तो परस्पर तिसऱ्याच कोणाकडून शिवून घेण्यात आला. शाळा उघडण्याच्या तोंडावर गठ्ठे सोडले, तेव्हा पँटींच्या कापडात रंगाच्या दोन छटा निघाल्या. पहिल्याच पावसात जाकिटांच्या शिवणीतून पाणी झिरपले.

मुलगा म्हणाला, "अण्णा, चूक कारखान्याची आहे. पालकांना तसे स्पष्ट सांगू या."

"पालकांनी कारखाना पाहिला आहे का, बाळ? त्यांनी आपली पाटी पाहिली आहे," अण्णा एवढेच बोलले.

त्यांनी प्रत्येक जाकीट परत घेतले आणि पैसे मोजून दिले. त्यासाठी लेकीच्या लग्नाकरिता ठेवलेली मुदत ठेव मोडावी लागली. घरात त्या रात्री फारसे कोणी जेवले नाही.

दुसऱ्याच्या हातून वस्त्र घडविणे माणदेशाला नवे नाही. ऊन, वारा, पाऊस अंगावर घेणारी घोंगडी अशाच साखळीतून तयार होत आली आहे. धनगराने मेंढीची लोकर कातरायची, घरातील बायकांनी सूत काढायचे, सनगराने चिंचोक्याची खळ देऊन ते मागावर विणायचे आणि व्यापाऱ्याने बाजारात न्यायचे. मात्र त्या साखळीतील प्रत्येक जण दुसऱ्याला नावाने आणि कामाने ओळखत असे. कोणाच्या घोंगडीचे पोत विरळ असते, हे गावाला ठाऊक असे. साखळी लांबली आणि ही ओळख तुटली.

जगातील मोठ्या पेढ्याही या अडचणीतून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेतील कोलंबिया स्पोर्ट्‌सवेअर ही डोंगरदऱ्यांत, बर्फापावसात वापरायचे कपडे विकणारी कंपनी. नाझी जर्मनीतून निघून आलेल्या पॉल व मारी लॅमफ्रोम या दांपत्याने १९३८ मध्ये पोर्टलंड शहरात घेतलेल्या टोप्यांच्या लहानशा व्यापारातून ती उभी राहिली. बाहेरच्या पुरवठादारांच्या त्रासाला कंटाळून १९६० मध्ये या कुटुंबाने स्वतः माल बनविण्यास सुरुवात केली. १९७० मध्ये कारभार पाहणारे जावई नील बॉइल हृदयविकाराने अचानक गेले. कर्जासाठी राहते घर आणि सासूबाईंचे घरही तारण होते. त्यांच्या पत्नी गर्ट यांनी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला बरोबर घेऊन पेढी सावरली. एका ग्राहकाने संपूर्ण कंपनीचे अवघे १,४०० डॉलर देऊ केले, तेव्हा त्यांनी ते नाकारले.

पुढे व्याप वाढला तशी ही कंपनी पुन्हा बाहेरच्या कारखान्यांकडे वळली. आज तिचा माल व्हिएतनाम, बांगलादेश, इंडोनेशिया यांसारख्या देशांतील स्वतंत्र कारखान्यांत तयार होतो. या कारखान्यांशी आपले दीर्घ मुदतीचे करार नाहीत आणि त्यांची क्षमता मिळविण्यासाठी इतरांशी स्पर्धा करावी लागते, असे ती आपल्या वार्षिक अहवालात भागधारकांना स्पष्ट कळविते. म्हणूनच माल तपासणारी माणसे आणि कारखान्यांसाठी लेखी आचारनियम तिला ठेवावे लागतात.

ही देखरेख सुटली की काय होते, ते २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील राणा प्लाझा कोसळला तेव्हा दिसले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसूनही कामगारांना आत बोलावले गेले आणि अकराशेहून अधिक जीव गेले. त्यांनी शिवलेले कपडे ज्या नावांनी विकले जात, त्या नावांना जगभर जाब विचारला गेला.

अण्णांनी त्या जूननंतर रीत बदलली. काम आता दोन कारखान्यांत विभागले जाते. कापडाच्या मंजूर नमुन्याचा तुकडा दोन्ही बाजूंच्या सहीनिशी जपला जातो. आपल्या संमतीखेरीज काम तिसऱ्याकडे जाणार नाही, हे लेखी असते. शिलाईसाठी पाठविलेल्या कापडाची चलने नीट ठेवली जातात, कारण जीएसटी कायद्याप्रमाणे ते वर्षाच्या आत परत यावे लागते. कारखान्यात पडलेला आपला माल विमापत्रात त्या पत्त्यासह नोंदविला जातो. अनेक व्यापारी नेमकी हीच नोंद विसरतात.

दुसरा बदल अधिक मोलाचा. अण्णा आता मजुरी थकवीत नाहीत. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदत उलटून दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली जाते त्याच वर्षी आयकरात खर्च म्हणून वजा मिळते. अण्णांनी मात्र याआधीच ताडले होते, की ज्याची मजुरी आपण दोन महिने अडवितो, तो हंगामात आपला माल बाजूला ठेवणारच. त्या वर्षीच्या नुकसानीत आपल्या उधारीचाही वाटा होता, हे त्यांनी मुलाजवळ मोकळेपणाने कबूल केले.

लेकीचे लग्न एक वर्ष उशिरा, साधेपणाने झाले. पेढीवरील गर्दी कमी झाली नाही. आजही मे महिन्यात अण्णा सोलापूरला जातात, शिवणयंत्रांमधून फिरतात, जाकिटाची शिवण उलटी करून पाहतात. त्या जुन्या लॉटमधील एक गळके जाकीट त्यांनी टाकलेले नाही. ते दुकानाच्या कपाटात, हिशेबाच्या वह्यांशेजारी घडी करून ठेवलेले आहे.