वेगदेवाचा नैवेद्य

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाशी इन्व्हरकार्गिल हे शहर आहे. तेथील हेज यांच्या हार्डवेअरच्या दुकानात, खिळे-कुदळींच्या गर्दीत, मी एक लाल, माशाच्या आकाराची मोटारसायकल पाहिली. नाव ‘इंडियन’, पण वाचकहो, हुरळू नका, ती अमेरिकन!

बर्ट मन्रोने ती १९२० साली घेतली, तेव्हा ताशी ५५ मैलांपुढे ती जात नसे. पुढे आयुष्यभर हा गृहस्थ तिचे इंजिन घडवीत बसला. पिस्टन जुन्या डब्यांत ओतायचे, कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या आसातून हाताने घासून काढायचे. शेड हेच घर! फुटलेले भाग फळीवर मांडून वर लिहिले, की हा वेगदेवाचा नैवेद्य. शेजाऱ्यांची मात्र मला कीव आली.

जवळच ओरेटीचा किनारा आहे. तेथल्या घट्ट वाळूवर १९५७ साली त्याने ताशी १३१ मैलांचा वेग गाठला. मग १९६७ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेत बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, हजार सी. सी.च्या आतील गटाचा जागतिक विक्रम! यंत्र ४७ वर्षांचे, स्वार ६८ वर्षांचा.

मन्रो १९७८ साली वारला. विक्रमाच्या हिशेबात चूक राहिल्याचे पुढे त्याच्या मुलाच्या ध्यानात आले, आणि २०१४ साली आकडा दुरुस्त झाला : १८४.०८७ मैल. पूर्वीपेक्षा अर्धा मैल अधिक.