तीन पेडांची म्होरकी

लेकीकडं शहाद्याला निघालो होतो. दोंडाईचाला रेल्वेतून उतरलो आणि शहाद्याच्या एसटीत बसलो, तर निम्मी गाडी सारंगखेड्याची यात्रा करणाऱ्यांची. दत्तजयंती होऊन चार दिवस झालेले. कंडक्टरला म्हटलं, मलाही इथंच सोडा. रिटायर माणसाला कुणाची हजेरी द्यायची असते?

तापीच्या काठावरचं हे गाव. एकमुखी दत्ताचं देऊळ आणि घोड्यांचा बाजार, ही त्याची ओळख. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशापासून घोडे येतात. कानांची टोकं एकमेकांना भिडलेले मारवाडी, पांढरेशुभ्र नुकरे, अबलख. चारी पाय पांढरे नि तोंडावर पांढरा पट्टा असला की पंचकल्याणी. एक म्हातारा गिऱ्हाईक घोड्याच्या गळ्याखाली हात घालून केसांचा भोवरा शोधत होता; देवमण असलेला घोडा शुभ मानतात. आमच्याकडच्या बैलबाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा. इथं उघड बोलणी, तीही लाखांची. मला ना घ्यायचं, ना विकायचं. सकाळचं ऊन पाठीवर घेत हिंडत होतो. भूक लागली तशी एका पालात भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. भरितात मिरची अशी, की डोळ्यांतून पाणी.

मग साजाच्या दुकानांकडं वळलो. खोगीर, लगाम, रिकिबी, घुंगरांच्या माळा, रंगीत गोंडे. त्यापुढं दोरखंडांची ओळ. लाल, पिवळं, हिरवं, सगळं नायलॉन. ओळीच्या शेवटाला एक म्हातारबा पोत्यावर बसलेला. त्याच्याही पुढ्यात नायलॉनच, पण मागं गाठोड्यात चार-दोन म्होरक्या वाखाच्या.

"काय लेनं शे, दादा?"

मी म्होरकी हातात घेतली. अंगठ्यानं पीळ उलगडून पाहिला. तीन पेडांची, पीळ घट्ट. माझा बापही असंच करायचा.

आम्ही दोर वळणारे. बाप बांधाबांधानं घायपात तोडून आणायचा, ओढ्यात दगडाखाली दाबून कुजवायचा. दहा-पंधरा दिवसांनी ते काढून बडवायचं, धुवायचं, वाख वाळवायचा. वास असा, की वर्गात माझ्या शेजारी कुणी बसत नसे. संध्याकाळी मी फिरकी फिरवत मागं मागं सरकायचो आणि बाप पेड सोडत यायचा. पोळ्याला गावच्या बैलांना वेसण, म्होरकी, कासरा आमच्याच घरचा. त्याबद्दल सुगीत पायली-दोन पायली ज्वारी. तीही कुणी दिली तर.

नववीत होतो. आठवडी बाजारात बापानं पोतं अंथरलं, मला बसवलं आणि तो बिडी आणायला गेला. तेवढ्यात वर्गातली तीन-चार पोरं येताना दिसली. मी उठलो आणि समोरच्या रसाच्या गाड्यापाशी जाऊन उभा राहिलो, गिऱ्हाईक असल्यासारखा. पोरांनी दोर उचलून पाहिले, फिदीफिदी हसत टाकून दिले. बाप आला. त्यानं रिकामं पोतं बघितलं, मग मला बघितलं. काही बोलला नाही. मातीत पडलेले दोर झटकून पुन्हा रचले. येताना नेहमीसारखी भजी घेतली, पुडी माझ्याच हातात दिली. पुढच्या बाजाराला मी पिशवी घेऊन तयार झालो तर म्हणाला, "तू अभ्यास कर." त्यानंतर त्यानं मला कधी बाजारात नेलं नाही. मी मास्तर झालो तेव्हा सगळ्या गावाला सांगत हिंडला. मी मात्र कुणी विचारलं तर, वडील शेती करतात, असं सांगायचो. शेती आम्हाला नव्हतीच.

"घर बईल शेतस का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाहीत."

तो हसला. म्हणाला, आता हे कुणी घेत नाही, नायलॉन टिकतं. खरं आहे. पण नायलॉननं बैलाचं नाक सोलतं, हेही खरं. त्यानं दीडशे सांगितले. मी दीडशे दिले. बापाशी लोकांनी जेवढी घासाघीस केली तेवढी पुरे झाली.

"कोणी वळली?" मी विचारलं. त्यानं आपले दोन्ही तळवे पुढं केले. मी माझ्या बापाबद्दल सांगितलं. काय काम करायचा, तेही. म्हाताऱ्यानं अंग चोरून पोत्यावर जागा केली. ऊन उतरेपर्यंत मी तिथंच बसलो. दोन नायलॉनचे कासरे माझ्या हातानं विकले गेले.

शहाद्याला पोचायला रात्र झाली. नातवानं पिशवी उपसली, म्होरकी स्वतःच्या डोक्यात अडकवली आणि घोड्यासारखा घरभर पळत सुटला.

"आरं, घोड्याची न्हाई ती," मी म्हटलं, "बैलाची हाय. ये इकडं, दाखवतो."