बेटावर आलेले अकराजण

रोमजवळच्या चिविताव्हेक्या बंदरातून संध्याकाळी सुटलेली बोट रात्रभर तिऱ्हेनियन समुद्र कापते आणि सकाळी काल्यारीच्या आखातात शिरते. डेकवर उभं राहिलं की आधी समोरची टेकडी दिसते. तिच्यावर फिकट पिवळ्या चुनखडीची तटबंदी, तटबंदीवर दोन मनोरे आणि मधोमध कॅथेड्रलचा घुमट. बोट आणखी जवळ आली की पायथ्याशी व्हिया रोमा या रस्त्याच्या कमानींची रांग उलगडते. सार्डिनियाची ही राजधानी विमानापेक्षा बोटीने गाठावी असं मला मनापासून वाटतं. मुख्य भूमी किती मागे राहिली आहे, हे एक अख्खी रात्र पाण्यावर काढल्यावरच कळतं. ज्या फुटबॉल मोसमाच्या ओढीने मी इथे आलो, त्याची गोष्ट याच अंतरात रुजलेली आहे.

तो मोसम १९६९-७० चा. इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये, ‘सेरी आ’मध्ये, तेव्हा सोळा संघ होते. प्रत्येकाचे तीस सामने, विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. तोवर लीगचं विजेतेपद म्हणजे ‘स्कुदेत्तो’, रोमच्या खाली कधी उतरलं नव्हतं. तोरीनो, मिलान, जेनोव्हा, बोलोन्या, फ्लॉरेन्स अशा उत्तरेच्या आणि मध्य इटलीच्या शहरांतच ते फिरत राहिलं. सेरी आमध्ये पहिल्यांदा १९६४ साली पोहोचलेल्या काल्यारीने त्या वर्षी १७ विजय, ११ बरोबऱ्या आणि फक्त २ पराभव अशी कामगिरी करत ४५ गुणांनी ते जिंकलं. तीस सामन्यांत या संघावर अवघे अकरा गोल झाले. बचावाला धर्म मानणाऱ्या इटलीतही इतके कमी गोल खाल्लेला सेरी आचा विजेता दुसरा नाही.

आधी टेकडीवरचं जुनं शहर, कास्तेल्लो, पाहावं. चढण दमवते, पण गल्ल्या सावलीच्या आहेत. १३०५ आणि १३०७ साली पिसाच्या सत्ताधीशांनी बांधलेले सान पांक्रात्सियोचा मनोरा आणि ‘हत्तीचा मनोरा’ आजही ताठ उभे आहेत. हत्तीच्या मनोऱ्यावर एक छोटा दगडी हत्ती कोरलेला दिसतो. पिसाकरांच्या मागोमाग चौदाव्या शतकात आरागोनचे कातालान आले. त्यांच्या राजवटीत बेटावरच्या मूळ रहिवाशाला रात्री या तटाच्या आत राहायची मुभा नव्हती. संध्याकाळी कर्णा वाजला की सार्डिनियन माणसाने आपल्याच राजधानीच्या वेशीबाहेर पडायचं. बुरुजावरून खाली पाहताना हे सारखं आठवत राहतं. खाली बंदर, मारिना वस्ती, पलीकडे मिठागरं आणि त्यांतल्या उथळ पाण्यात फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना तटाच्या आत मात्र रात्रीची बंदी.

फिनिशियन, कार्थेजकर, रोमन, बायझंटाइन, पिसाकर, कातालान, स्पॅनिश अशी सत्तांची रांग लागली आणि १७२० मध्ये हे बेट सॅव्हॉय घराण्याकडे गेलं. राज्याला नाव मिळालं सार्डिनियाचं, कारभार मात्र तोरीनोतून चालला. २८ एप्रिल १७९४ रोजी काल्यारीच्या लोकांनी उठाव करून व्हाइसरॉयला आणि त्याच्या पीडमाँटी अधिकाऱ्यांना बोटीत बसवून परत पाठवलं. तो दिवस आता सार्डिनियाचा दिन म्हणून साजरा होतो. पुढे १८६१ मध्ये याच राज्यातून एकसंध इटली घडली, आणि ज्या बेटाचं नाव राज्याला होतं ते नव्या देशाच्या नकाशाच्या कडेला जाऊन पडलं. सरकारी नोकराला आणि शिपायाला शिक्षा म्हणून धाडायचं ठिकाण, अशी त्याची ख्याती झाली. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी १९४३ साली काल्यारीचा मोठा भाग जमीनदोस्त केला. मलेरिया तर बेटावर शतकानुशतकं ठाण मांडून होता. १९४६ ते १९५० या काळात डीडीटीची प्रचंड मोहीम झाली तेव्हा कुठे तो हटला. साठच्या दशकात उत्तरेच्या वर्तमानपत्रांत सार्डिनिया यायचं ते बहुतेक डोंगरातल्या अपहरणांच्या बातम्यांतून. काल्यारीचा संघ उत्तरेत खेळायला गेला की स्टँडमधून ‘मेंढपाळ’ आणि ‘दरोडेखोर’ अशा हाका येत.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या हाका ऐकणाऱ्या नेहमीच्या अकराजणांत एकही सार्डिनियन नव्हता. गोलरक्षक अल्बेर्तोसी आणि बचावपटू निक्कोलाई तोस्कानाचे, मार्तिरादोन्ना बारीचा, झिन्योली आणि गोरी मिलानचे, चेरा व्हेरोनाकडचा, तोमासीनी आणि दोमेंगीनी लोंबार्दीचे, ग्रेआत्ती फ्रिउलीचा, नेने थेट ब्राझीलचा, आणि डाव्या पायाचा जीजी रीव्हा माज्जोरे सरोवराकाठच्या लेज्जूनो गावचा. शिव्या बेटाच्या होत्या आणि त्या ऐकणारी माणसं बाहेरची होती. त्या शिव्या त्यांनी स्वतःच्या मानल्या, यात मला या मोसमाचं सगळं मोठेपण दिसतं.

कास्तेल्लो उतरून आग्नेयेकडे गेलं की बोनारियाची टेकडी लागते. तिथल्या मातेची कथा काल्यारीतलं लहान मूलही सांगेल. १३७० साली वादळात सापडलेल्या जहाजाने ओझं हलकं करायला सामान समुद्रात टाकलं. त्यातली एक पेटी तरंगत या किनाऱ्याला लागली आणि उघडून पाहिलं तर आत मेरीची लाकडी मूर्ती. खलाशांची रक्षणकर्ती म्हणून तिची कीर्ती स्पेनच्या जहाजांबरोबर अटलांटिकपार गेली आणि अर्जेंटिनाच्या ब्युनॉस आयर्सला नाव मिळालं ते तिच्यावरून. बॅसिलिकासमोरच्या रुंद पायऱ्यांवर उभं राहिलं की समोर नुसता समुद्र. २४ जानेवारी २०२४ रोजी याच पायऱ्यांवर आणि खालच्या चौकात हजारो माणसं दाटली होती. दोन दिवसांपूर्वी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, जीजी रीव्हा याच शहरात गेला होता. समुद्रातून आलेल्या मूर्तीच्या दारात समुद्रापलीकडून आलेल्या माणसाला बेटाने निरोप दिला.

रीव्हा इथे आला तो १९६३ मध्ये, अठरा वर्षांचा असताना. वडील कारखान्यातल्या अपघातात लहानपणीच गेलेले, किशोरवयात आईही गेली. लेन्यानोच्या संघाकडून खेळणाऱ्या या पोराला काल्यारीने विकत घेतलं तेव्हा बेटावर जायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. एखादं वर्ष काढू आणि परत फिरू, असा त्याचा बेत होता. त्याच्या पहिल्याच मोसमात संघ सेरी आमध्ये चढला. मग तो राहिला, निवृत्तीपर्यंत आणि निवृत्तीनंतरही. युव्हेंटसने त्याच्यासाठी प्रचंड रक्कम देऊ केली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पुढे मुलाखतींमधून तो सांगत असे की सामन्यासाठी बेटाच्या दुसऱ्या टोकाहून भल्या सकाळी निघणारी माणसं त्याने पाहिली होती; त्यांना सोडून जाणं त्याला जमलं नाही.

बोनारियाहून थोडंच चाललं की आम्सीकोरा स्टेडियम येतं. स्कुदेत्तो इथेच जिंकला गेला. इ.स.पूर्व २१५ मध्ये रोमविरुद्ध सार्डिनियाचा उठाव उभारणारा आणि मुलगा रणात पडल्यावर स्वतःचा जीव घेणारा सरदार आम्सीकोरा, त्याचं नाव या मैदानाला आहे. आत डोकावल्यावर मी थबकलोच. हिरव्या कृत्रिम गवतावर हॉकीचा सराव चालला होता! काल्यारीची आम्सीकोरा ही संस्था इटालियन हॉकीतली मातब्बर आहे आणि या मैदानावर आता तिचंच राज्य आहे. भारतातून आलेल्या माणसाला ओळखीचा तो चेंडूचा टणक आवाज मी बराच वेळ कठड्याला टेकून ऐकत राहिलो. मैदान लहान आहे, प्रेक्षक खेळाडूच्या श्वासाइतके जवळ. बाहेरून येणाऱ्या संघाला इथे का धडकी भरत असेल, ते जागेवर उभं राहिल्यावर समजतं.

या संघाचा प्रशिक्षक मान्लियो स्कोपिन्यो. सगळे त्याला ‘तत्त्वज्ञ’ म्हणत. शिट्टी आणि शिस्तीचा बडगा यांवर त्याचा विश्वास नव्हता. खेळाडू मोठी माणसं आहेत आणि त्यांना तसंच वागवावं, असं तो मानायचा. एकदा रात्री उशिरा तो खेळाडूंच्या खोलीत शिरला तेव्हा आत पत्त्यांचा डाव आणि धूर भरलेला होता. सगळे आता बोलणी खाणार म्हणून गप्प. याने मात्र मी इथे सिगरेट ओढली तर चालेल का, एवढंच विचारलं. डाव लगेच मोडला आणि दुसऱ्या दिवशी संघ जिंकला, असं सांगतात. डिसेंबरमध्ये पालेर्मोत मोसमातला पहिला पराभव झाला, लाइन्समनला अपशब्द वापरल्याबद्दल स्कोपिन्योवर लांबलचक बंदी आली आणि तो स्टँडमध्ये जाऊन बसला. संघ डगमगला नाही. मोसमाच्या मध्यावर तोमासीनी जायबंदी झाला तेव्हा मधल्या फळीतल्या चेराला मागे आणून ‘लिबेरो’ केलं गेलं. लिबेरो म्हणजे बचावफळीच्या मागे मोकळा राहून येईल तो धोका निस्तरणारा. चेरा धोका निस्तरून थांबायचा नाही, तिथूनच चेंडू घेऊन चढाई सुरू करायचा. पुढे रीव्हा होताच. जानेवारीत व्हिचेंझाच्या मैदानावर त्याने हवेत आडवं होऊन डोक्यावरून मारलेला गोल इटलीत अजून दाखवला जातो. त्याच्या फटक्यांच्या ताकदीमुळे पत्रकार जान्नी ब्रेराने त्याला ‘मेघगर्जना’ ही उपाधी दिली. त्या मोसमात त्याने २१ गोल केले, लीगमध्ये सर्वाधिक.

कसोटीचा दिवस होता १५ मार्च १९७०, तोरीनोत, युव्हेंटसविरुद्ध. जिथून एकशे चाळीस वर्षं बेटावर राज्य झालं ते हेच शहर. आणि फियाटच्या कारखान्यांत राबायला सार्डिनिया सोडून आलेली कितीतरी माणसंही इथलीच रहिवासी. निक्कोलाईकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. मध्यांतराच्या तोंडावर रीव्हाने हेडरने बरोबरी साधली. उत्तरार्धात युव्हेंटसला मिळालेली पेनल्टी अल्बेर्तोसीने अडवली, पण पंच लो बेल्लोने ती पुन्हा घ्यायला लावली आणि आनास्तासीने गोल केला. अल्बेर्तोसी रागाने खांबावर हात आपटत होता. शेवटच्या दहा मिनिटांत काल्यारीला पेनल्टी मिळाली आणि रीव्हाने ती जाळ्यात घातली. २-२. गुणतक्त्यातली युव्हेंटसवरची आघाडी शाबूत राहिली.

१२ एप्रिलला आम्सीकोरात बारी संघाविरुद्ध सामना होता. ज्यांना तिकीट मिळालं नाही ते ट्रान्झिस्टरला कान लावून होते. रविवारच्या सगळ्या मैदानांवरची खबर मिनिटामिनिटाला देणारा रेडिओचा कार्यक्रम तेव्हा घराघरांत ऐकला जाई, आणि बेटाबाहेर पोटासाठी गेलेल्या सार्डिनियनांना त्या दुपारी घराशी जोडणारी तेवढीच वाट होती. रीव्हाने पूर्वार्धात गोल केला, गोरीने अखेरीस दुसरा. तिकडे रोममध्ये युव्हेंटस लात्सियोकडून हरला. दोन सामने शिल्लक असतानाच काल्यारी विजेता ठरला.

मी गेलो ते मेच्या पहिल्या तारखेला काल्यारीत असावं असं ठरवून. त्या दिवशी सांत एफिझिओची मिरवणूक निघते. प्लेगचा कहर थांबावा म्हणून शहराने नवस बोलला आणि १६५७ पासून तो दरवर्षी फेडला जातोय. स्ताम्पाचे वस्तीतल्या छोट्या चर्चमधून संताची मूर्ती निघते, बैलांच्या रथातून, नोरा इथल्या त्याच्या हौतात्म्याच्या जागेपर्यंत जाते आणि चार तारखेला परत येते. गावोगावचे लोक आपापल्या वेशात, झालरी लावलेल्या बैलगाड्या, वेताच्या तीन नळ्यांचं लाउनेद्दास वाद्य वाजवणारे, रथापुढे पाकळ्यांचा सडा. आषाढीच्या वाटेवर ज्याने कधी पालखीचा रथ ओढणाऱ्या बैलांना हात जोडले असतील, त्याला इथे परकं वाटणार नाही. हा एफिझिओ कोण? कथा सांगते की तो अँटिऑककडचा रोमन सैनिक, बेटावरच्या लोकांना वठणीवर आणायला धाडलेला. इथे येऊन तो ख्रिस्ती झाला आणि नोरात त्याचा शिरच्छेद झाला. ज्यांना दाबायला आला, त्यांचाच रक्षणकर्ता झाला.

रथ पुढे गेला तेव्हा या शहराचं मन मला स्वच्छ दिसल्यासारखं वाटलं. कर्णा वाजवून ज्यांना वेशीबाहेर काढलं गेलं, त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला शत्रू मानलं असतं तर नवल नव्हतं. व्हाइसरॉयला त्यांनी परत पाठवलंही. पण जो थांबला, ज्याने त्यांचा अपमान आपला मानला, त्याला त्यांनी जन्मगाव विचारलं नाही. नेने, तोमासीनी, ब्रुन्येरा हे त्या संघातले खेळाडू बूट उतरवल्यावरही इथेच राहिले.

विजेतेपदाच्याच वर्षी संघ सांत एलिया या मोठ्या स्टेडियमवर गेला. त्या उन्हाळ्यात मेक्सिकोच्या वर्ल्ड कपला इटलीच्या चमूत काल्यारीचे सहाजण होते, आणि ब्राझीलविरुद्धच्या अंतिम सामन्यात अल्बेर्तोसी, चेरा, दोमेंगीनी आणि रीव्हा अकरांत होते. पण ऑक्टोबरच्या शेवटी व्हिएन्नात इटलीकडून खेळताना रीव्हाचा पाय मोडला आणि काल्यारीची दुसऱ्या स्कुदेत्तोची आशा तिथेच मावळली. १९७६ मध्ये तो निवृत्त झाला आणि संघही खालच्या लीगमध्ये उतरला. सांत एलिया आता बंद आहे. त्याच्या शेजारी २०१७ मध्ये उभ्या केलेल्या स्टेडियमवर काल्यारी खेळतो. अकरा नंबरचा शर्ट २००५ पासून कोणालाही दिला जात नाही.

रोमच्या दक्षिणेला त्यानंतर स्कुदेत्तो नेला तो फक्त नेपल्सने. इटलीसाठी ४२ सामन्यांत ३५ गोल हा रीव्हाचा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. देशाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू सेरी आमध्ये एकाच संघाकडून खेळला, आणि तो संघ देशाने शिक्षेची जागा ठरवलेल्या बेटाचा होता. फुटबॉलमध्ये निष्ठेबद्दल पुष्कळ बोललं जातं. ती कशी असते ते पाहायचं असेल, तर एकदा रात्रीच्या बोटीने काल्यारीला जावं.