विजेच्या दराची सुनावणी होते, विम्याच्या दराची का नाही?

प्रति,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद



महावितरणच्या बिलात स्थिर आकार वेगळा असतो, वीज आकार वेगळा, वहन आकार वेगळा. इंधन समायोजन आणि वीज शुल्काच्याही स्वतंत्र ओळी असतात. रक्कम खटकली, तर नेमकी कुठे खटकली ते तरी बोट ठेवून सांगता येतं. माझ्या आईच्या आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची सूचना आली, तिच्यात मात्र हप्त्याचा एकच आकडा होता, गेल्या वर्षीपेक्षा जवळजवळ दहा टक्क्यांनी मोठा. एजंटांना कारण विचारलं. ते म्हणाले, "वैद्यकीय महागाई आहे, सगळ्यांचंच वाढलंय." त्यांना तरी याहून जास्त कोण सांगणार?

३० जानेवारी २०२५ रोजी आपण परिपत्रक काढलंत, की साठी ओलांडलेल्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी आपल्याशी विचारविनिमय करावा. त्याबद्दल मनापासून आभार. त्याच्या आधीच्या वर्षी आपण नवी पॉलिसी घेण्यावरचं पासष्टच्या वयोमर्यादेचं बंधन काढलंत, जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ चार वर्षांवरून तीनवर आणलात. ज्येष्ठांचा विचार आपण करता, याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच हे पत्र.

दहा टक्के ऐकायला कमी वाटतात. पण ते दरवर्षी वाढीव रकमेवर लागत गेले, तर साठाव्या वर्षी ४० हजार असलेला हप्ता अडुसष्टाव्या वर्षी ८५ हजारांवर जातो आणि पंचाहत्तरीला चौपटीपलीकडे. बँकेच्या व्याजावर जगणाऱ्या माणसाचं उत्पन्न असं वाढत नाही. हप्ता भरणं अशक्य होतं तेव्हा पॉलिसी सुटते, आणि ती सुटते नेमकी गरजेच्या वयात. वीस-वीस वर्षं हप्ते भरलेल्या माणसांना असं बाहेर पडावं लागणं मला अन्यायाचं वाटतं.

"दुसरी कंपनी बघा" हे उत्तर तिशीतल्या मुलाला ठीक आहे. मधुमेह, रक्तदाब असलेल्या सत्तरीच्या बाईला पोर्टिंगचा हक्क कागदावर असतो, पण तिला घ्यायचं की नाही हे नवी कंपनी ठरवते. १ जानेवारी २००७ पासून आग, अभियांत्रिकी आणि वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे झाले, ते स्पर्धेच्या भरवशावर. जिथे गिऱ्हाईक उठून दुसरीकडे जाऊ शकतं, तिथे तो भरवसा योग्यच आहे. इथे गिऱ्हाईक जागेवर अडकलेलं आहे. वाहनाच्या थर्ड पार्टी विम्याचे दर आजही सरकारच ठरवतं, कारण तो विमा कायद्याने सक्तीचा आहे. जून २०२२ पासून ७५ ते १५० सीसीच्या नेहमीच्या स्कूटरला ७१४ रुपये लागू झाले, कंपनी कुठलीही असो. त्या दरांचा मसुदाही आधी जाहीर करून हरकती मागवल्या होत्या. सत्तरीतल्या माणसाला आरोग्य विम्याची सक्ती कायदा करत नाही, त्याची प्रकृती करते.

तरीही दर गोठवा, असं मी म्हणणार नाही. हप्ता खर्चापेक्षा कमी राहिला तर उद्या दावे द्यायला कंपनीकडे पैसे उरणार नाहीत, १.५ पट सॉल्व्हन्सीचा, म्हणजे देणी भागवण्याच्या क्षमतेचा, नियम आपण त्यासाठीच ठेवला आहे. रुग्णालयांची बिलं भडकली आहेत हेही खरं. आयुष्मान भारतसारखे पॅकेज दर रुग्णालयांशी ठरवून घ्या, असं आपण कंपन्यांना त्याच परिपत्रकात सांगितलंत. खरी गाठ तिथेच आहे.

पण ती गाठ हप्त्यात किती उतरते हे आम्हाला दिसत नाही, म्हणून माझी पहिली मागणी आहे ती हिशेब उघड करण्याची. कंपन्या आपले तिमाही आकडे संकेतस्थळावर टाकतात, पण त्यातून माझ्या आईच्या पॉलिसीचा हिशेब लागत नाही. त्या योजनेत किती हप्ता जमा झाला, दाव्यांपोटी किती गेला, कमिशन आणि व्यवस्थापनावर किती खर्च झाला, हे नूतनीकरणाच्या सूचनेवरच छापायला लावा. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, पण त्याबरोबर कंपन्यांना स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची मिळणारी वजावटही गेली. तो भार मूळ हप्त्यात किती आला, तेही त्याच कागदावर दिसू दे.

दुसरी मागणी सुनावणीची. दहा टक्क्यांवरच्या वाढीसाठी आपला आणि कंपनीचा जो विचारविनिमय व्हायचा, त्यात हप्ता भरणाऱ्याला परिपत्रकाने जागा दिलेली नाही. विजेचं तसं नाही. महाराष्ट्रात वीज नियामक आयोग आहे. आपल्या प्राधिकरणाचा कायदा १९९९चा, हा आयोगही १९९९चाच. महावितरणला दर वाढवून हवा असेल, तर प्रस्ताव जाहीर होतो, लेखी हरकती येतात, जनसुनावणी होते. पुण्याची प्रयास संस्था तिथे आकडे घेऊन उभी राहते, यंत्रमागवाले येतात, शेतकरी येतात. वीज कायद्याच्या ६४व्या कलमानुसार लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेऊनच आयोगाला आदेश द्यावा लागतो. दरवेळी आमच्या मनासारखं होतं असं नाही, पण आदेशात कारणं लिहिलेली असतात आणि ती वाचून पुढे भांडता येतं.

ज्येष्ठांच्या हप्त्यात दहा टक्क्यांवर वाढ मागणाऱ्या पुढच्या प्रस्तावापासून ही पद्धत सुरू करा. प्रस्ताव मराठीतही प्रसिद्ध करा, हरकतींना महिनाभर द्या आणि एक सुनावणी पुण्यात ठेवा. आईला घेऊन मी येईन.

कळावे,
एका पॉलिसीधारकाची मुलगी