मांडव्याच्या धक्क्यापलीकडे

आमच्या देवपुराच्या कडेनें वाहणारी पांझरा पुढें तापीस मिळते, आणि तापी सुरतेपलीकडे समुद्रास मिळते. म्हणजे धुळ्याचें पाणी समुद्राच्या ओळखीचें आहे. धुळेकर माणूस मात्र नाहीं. नदीला पूर आला म्हणजे ती कशी वागते, पात्रांत मुलांना कोठें खेळूं द्यावें व कोठें देऊं नये, हें आपल्याकडे घरांतल्या पोरासोरांसहि ठाऊक असतें. समुद्राच्या बाबतींत मात्र घरांतलें सर्वांत वडील माणूसहि अजाणच असतें. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटींत घाटावरचीं कुटुंबेंच्या कुटुंबें कोंकणांत उतरतात, आणि किनाऱ्यावर बुडालेल्यांच्या ज्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात त्यांत दुरून आलेल्या पाहुण्यांचा उल्लेख पुन्हां पुन्हां आढळतो. म्हणून समुद्रकांठची विश्रांति हा केवळ हौसेचा विषय नाहीं. थोडासा अभ्यासाचाहि आहे.

आमचें कुटुंब नऊ माणसांचें. त्यांत आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या, गुडघ्यांनीं बेजार. आणि तीन मुलें अशीं कीं ज्यांस गुडघे दुखतात म्हणजे काय होतें हें ठाऊक नाहीं. मुलांना बोटींत बसावयाचें होतें. आजींना गर्दी नको होती. मोठ्यांना चार दिवस कोठेंहि धांवावयाचें नव्हतें. मुंबईच्या बंदरापासून तासाभराच्या अंतरावर ह्या तिन्ही अटी पुऱ्या करणारा किनारा आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न होता.

बंदर आणि विश्रांति ह्यांचें सख्य सहसा नसतें. वेस्ट इंडीजकडे बहामा बेटांत नासाव म्हणून बंदर आहे. तेथें हजारों उतारू घेऊन सहलीच्या प्रचंड आगबोटी लागतात. उतारूंस जमिनीवर मिळतात थोडे तास. तेवढ्यांत समुद्रस्नान उरकून पुन्हां बोट गांठावयाची. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सहलीची आगबोट गोव्यास मुरगांवच्या बंदरांत लागते, तेव्हां तिच्या उतारूंचीहि अवस्था निराळी नसते. घड्याळाच्या धाकानें जो तो धक्क्याच्या जवळची वाळू गांठतो, आणि ती वाळू बाजारासारखी होऊन जाते. उलट फार दूर जावें तर दिवस प्रवासांतच सरतो. ह्यावरून आम्ही एक साधा नियम बांधला : धक्क्यावरचा किनारा सोडावा, प्रसिद्ध गांवहि सोडावें, आणि ह्या दोहोंच्या मधलें एखादें गांव निवडावें.

मुंबईहून अलिबागच्या बाजूस जाणाऱ्या उतारूंचें बंदर म्हणजे मांडवा. गेट वे ऑफ इंडियापासून मांडव्यास जाणाऱ्या बोटी तासाभरांत पोंचवितात. परंतु जून ते ऑगस्ट ह्या पावसाळी महिन्यांत त्या बंद असतात, हें घरून निघण्यापूर्वीं ध्यानांत ठेवावें. दुसरी वाट भाऊच्या धक्क्यावरून. तेथून मार्च २०२० पासून मोटारींसकट माणसांना पलीकडे नेणारी रो-रो बोट चालू झाली. आजींना गाडींतून उतरून फार चालावें लागूं नये म्हणून आम्ही हीच पसंत केली.

बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटली तेव्हां मुलें कठड्याशीं होतीं आणि आजी आंतल्या बाकावर. त्यांनीं हळूच विचारलें, “रामदास बोट येथूनच सुटली होती ना?” ती येथूनच सुटली होती. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढी अमावास्येच्या दिवशीं, सणासाठीं घरीं निघालेल्या माणसांनीं भरलेली ‘रामदास’ रेवसच्या वाटेवर भर पावसांत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. रेवस मांडव्याच्या शेजारचेंच. स्वातंत्र्याचा दिवस त्या वेळीं एका महिन्यावर आलेला होता. त्या आनंदाच्या कोलाहलांत कोंकणांतल्या कित्येक घरांचा हा आकांत देशाच्या कानीं फारसा पडला नाहीं. मुलांना आम्ही ही हकीकत लपविली नाहीं. भीति घालण्यासाठीं नव्हे. ज्या पाण्यावरून आपण मौजेनें जातों तें पाणी खेळणें नव्हे, एवढें त्यांच्या मनीं राहावें म्हणून.

मांडव्याच्या धक्क्यावर उतरल्यावर उपाहारगृहें, मोटारी आणि माणसांची लगबग दिसते. तेथें थांबावयाचें कारण नाहीं. मांडव्यापासून दक्षिणेकडे समुद्राच्या कडेनें सासवणें, आवास, किहीम, थळ, वरसोली आणि मग अलिबाग अशीं गांवें लागतात. अलिबागपर्यंतचें सारें अंतर सुमारें वीस किलोमीटर. गांव व समुद्र ह्यांच्या मधोमध नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांच्या पलीकडे सुरूचीं झाडें, आणि सुरूंतून बाहेर पडलें कीं एकदम उघडी वाळू. ही वाळू चित्रांतल्यासारखी पांढरी नाहीं, करडी आहे. आणि पाणी निळें नाहीं, खाड्यांच्या गाळामुळें मातकट आहे. निळ्या पाण्याच्या ओढीनें जाणाऱ्याची येथें निराशा होईल. ज्याला शांतता हवी असेल त्याची होणार नाहीं.

किहीम हें त्यांतलें नांवाजलेलें गांव. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली ह्यांनीं १९३० सालीं येथें राहूनच सुगरण पक्ष्याच्या संसाराचें निरीक्षण केलें. नर अर्धवट घरटें विणतो, मादी तें पाहून पसंत करते, आणि ती एका घरट्यांत नांदूं लागली कीं नर दुसरें घरटें विणावयास घेतो, हा प्रकार त्यांनीं येथेंच बारकाईनें टिपला. आतां शनिवार-रविवारीं किहीमच्या मुख्य वाटेवर खाद्यपेयांच्या गाड्या व पाण्यावरील यंत्रांच्या खेळांचा गलबला असतो. परंतु वाळूवरून उत्तरेस आवासच्या दिशेनें चालत गेलें कीं गलबला मागें पडतो आणि सुरूंच्या झाडांतला वारा ऐकूं येऊं लागतो. आम्ही आवासला एका घरगुती ठिकाणीं उतरलों आणि मुद्दाम सोमवार ते गुरुवार राहिलों. त्या दिवसांत सकाळीं संबंध किनाऱ्यावर दहा-बारांहून अधिक माणसें आम्हांस दिसलीं नाहींत.

जागा सांपडली, तरी विश्रांति एवढ्यानें सांपडत नाहीं. पहिल्याच सकाळीं प्रश्न आला : मुलांना पाण्यांत केव्हां जाऊं द्यावें? पाणी तर फार दूर गेलें होतें, आणि मुलें त्याच्या मागें धांवावयास उतावीळ झालीं होतीं. किनाऱ्यावर एक वृद्ध कोळी गृहस्थ जाळें दुरुस्त करीत बसले होते. आजींनीं त्यांस विचारलें, “काका, पाणी परत केव्हां येतें हो?”

त्यांनीं उलट विचारलें, “आज तिथ कोणती, आजी?”

आजींच्या पिशवींत पंचांग असतेंच. एकादशी चुकूं नये म्हणून तें प्रवासांतहि बरोबर येतें. त्यांनीं पाहून सांगितलें, “पंचमी.”

“मग पांचाची पाऊणपट करा. पावणेचार. पावणेचाराला पाणी भरणार. आतां दहा वाजत आले. म्हणजे ओहोटी संपून पाणी नुकतेंच फिरलें.”

तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते : कोंकणांतल्या दर्यावर्दी माणसाचें हें पिढीजाद गणित, आणि आम्हां पंचांग वाचणाऱ्यांना त्याची दाद नव्हती! वाचकांनीं तें घरांतल्या मुलांकडून करवून पाहावें. चतुर्थीस भरती तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. कृष्णपक्षांत प्रतिपदेपासून पुन्हां तेंच. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारें साडेबारा तासांनीं, आणि दोहोंच्या मध्यावर ओहोटी. ह्याचें कारणहि उघड आहे. समुद्राचें पाणी मुख्यतः चंद्राच्या ओढीनें चढतें. महिन्याच्या तीस तिथींत चंद्र सूर्याच्या मागें पडत पडत एक पुरा दिवस हरवितो. चोवीस तासांस तीस तिथींनीं भागिलें म्हणजे एका तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटें येतात. कोळ्यानें सोयीसाठीं त्याचा पाऊण तास केला आहे. थोडाफार फरक गृहीत धरला, तर मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यास हा हिशेब चांगला लागू पडतो. अचूक वेळ छापील भरतीपत्रकांत व हल्लीं मोबाईलवरहि मिळते. परंतु मोबाईल विसरतां येतो, आणि पाऊणपट एकदां शिकली कीं विसरत नाहीं.

ह्या गणिताच्या पोटांत दुसरी एक गोष्ट आहे. पौर्णिमा व अमावास्या ह्यांच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेंत ओढतात, म्हणून पाणी फार चढतें आणि फार ओसरतें; तें उधाण. मोठ्या उधाणास मुंबईच्या बाजूस हा चढउतार चार मीटरांहून अधिक असतो. अष्टमीच्या आगेंमागें दोघांची ओढ एकमेकींस छेद देते, आणि पाण्याची हालचाल सौम्य होते. त्यास भांग म्हणतात. आतां गंमत पाहा. हौशी पाहुणा नेमका पौर्णिमा पाहून येतो. त्या दिवशीं भरती दुपारीं बाराच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळीं सहाला. म्हणजे सूर्यास्ताच्या वेळीं पाणी दूर गेलेलें, माणसें ओल्या वाळूवरून फार आंत गेलेलीं, आणि अंधार पडतां पडतां उधाणाचें पाणी परत फिरावयास लागतें. पंचमी-षष्ठीस ह्याच्या उलट : ओहोटी सकाळीं साडेनऊ-साडेदहाला, पाणी भांगाचें, आणि पुढचे पांच-सहा तास तें हलके हलके किनाऱ्याकडेच येत राहणारें. मुलांना पाण्यांत सोडावयाचें असेल तर अशा दिवशीं, चढत्या पाण्यांत, आणि तेंहि गुडघ्याइतक्याच. उतरतें पाणी माणसाला बाहेर ओढतें.

आजींनाहि ओहोटीचा निराळाच लाभ झाला. कोरड्या वाळूंत पाय रुततात. दुखऱ्या गुडघ्यांस तेथें दहा पावलें चालवत नाहीं. परंतु पाणी नुकतें सोडून गेलेली ओली वाळू फरशीसारखी टणक असते. काठीच्या आधारानें त्या ह्या वाळूवरून रोज सकाळीं अर्धा तास चालल्या. घरीं देवपुरांत अंगण ओलांडावयाचें तर त्या कां कूं करीत. तिसऱ्या दिवशीं मुलें भरतीची वेळ सांगावयास त्यांच्याकडे धांवत येऊं लागलीं आणि त्या पंचांग उघडून तपासूं लागल्या. सून आणि सासू, नातू आणि आजी एकाच गणिताला बसलेलीं पाहून आम्हांस समुद्रापेक्षां त्याचेंच सुख अधिक वाटलें.

षष्ठीच्या सकाळीं आम्ही अलिबागचा कुलाबा किल्ला पाहिला. हा आंग्र्यांचा जलदुर्ग. ओहोटीस पायीं किंवा घोड्याच्या टांग्यांतून तेथें जातां येतें. भरतीस भोंवतीं समुद्र. आंत गणपतीचें मंदिर आहे, आणि चारी बाजूंस खारें पाणी असतां गोड्या पाण्याची विहीर आहे. आम्ही वेळेवर परतलों. बाराच्या पुढें मात्र दुरून आलेली एक मंडळी अजून तटावर फोटो काढीत होती, आणि अलीकडून टांगेवाला घसा फोडून हांका मारीत होता. ती मंडळी आलीं, तीं कमरेइतक्या पाण्यांतून, लहान मूल खांद्यावर घेऊन. पाणी भांगाचें होतें म्हणून तेवढ्यावर भागलें. किल्ला तोच, वाट तीच. आम्हांत आणि त्यांच्यांत अंतर होतें तें एका पाऊणपटीचें.

सासवण्यास शिल्पकार नानासाहेब करमरकर ह्यांच्या घरचें शिल्पालय अवश्य पाहावें. पुण्याचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडविणारे हे शिल्पकार (१८९१–१९६७) ह्याच गांवचे. त्यांनीं घडविलेलीं घरचीं, गांवचीं साधीं माणसें आणि जनावरें येथें इतकीं जिवंत वाटतात कीं आमच्या धाकट्यानें एका म्हशीस हात लावण्यापूर्वीं आईकडे पाहिलें. परततांना रस्त्याच्या कडेस अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात. चवीला गोडसर, चातुर्मास नसेल तर एक माळ घरीं आणण्यास हरकत नाहीं.

शेवटचें सांगणें घड्याळाविषयीं. परतीची शेवटची बोट मनांत ठेवून जो किनाऱ्यावर बसतो त्याला समुद्र दिसत नाहीं, धक्काच दिसत राहतो. निदान दोन रात्री तरी राहावें. निघण्याचा दिवस शनिवार-रविवार टाळून, आणि तिथि पंचमी ते अष्टमी पाहून ठरवावा. उतरल्यावर पहिली ओळख गांवच्या कोळ्याची करून घ्यावी, आणि तो ‘जाऊं नका’ म्हणाला कीं जाऊं नये. लग्नासाठीं, प्रवासासाठीं, गृहप्रवेशासाठीं आपण पंचांग उघडतों. समुद्रावर जातांना तें उघडण्यास ज्योतिषी लागत नाहीं. तिथि, पाऊणकीचा पाढा आणि थोडा धीर एवढें पुरतें.