एकच जंतू, दोन माणसं

आमच्या घरी इस्त्री रविवारी होते. २०१९ च्या फेब्रुवारीतल्या अशाच एका रविवारी शर्ट उलटताना इस्त्रीची कड माझ्या डाव्या हाताला लागली. मला कळलंच नाही. बायको ओरडली, "अहो, हात!" तेव्हा खाली पाहिलं. चटका बसला होता त्या जागी आधीपासूनच रुपयाच्या नाण्याएवढा फिकट चट्टा होता. आई त्याला शिबं म्हणायची, मी उन्हाचा डाग म्हणायचो. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून सहा-सात महिने तसाच राहू दिला होता. न दुखणं हीच त्याची खूण होती, हे नंतर कळलं.

हुबळीतल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले. कापसाची वात हातावरून फिरवत म्हणाले, "कळलं की तिथे बोट लावा." चट्ट्यावरून वात फिरली तेव्हा माझं बोट हललं नाही. मग कोपरामागची नस चाचपून ते म्हणाले, "कुष्ठरोग आहे. सुरुवातीलाच सापडलाय. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होईल." शेवटची दोन वाक्यं माझ्या कानांत शिरलीच नाहीत. धारवाडला परतताना चिगरी बसमध्ये दोन सीट रिकाम्या होत्या, तरी मी उभाच राहिलो.

हे घरात लपवणं शक्य नव्हतं. रुग्ण सापडला की घरातल्यांचीही तपासणी होते आणि प्रतिबंध म्हणून त्यांना रिफाम्पिसिनचा एकच डोस देतात. सगळे तपासून झाले, कुणालाच काही नव्हतं. आजी तेव्हा ८६ वर्षांची. औषध हातात घेऊन तिनं विचारलं, "हे कसलं रे?" आईनं "तापाचं" म्हणून वेळ मारून नेली. आजीनं माझ्या हाताकडे पाहिलं, डोस घेतला आणि रात्री मला एकट्याला बोलावलं.

"आमच्या दादाला हेच झालं होतं," ती म्हणाली.

आजीला मोठा भाऊ होता, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. त्याच्या भुवया झडल्या, कानाच्या पाळ्या जाड झाल्या, पुढे नाक बसलं. मागच्या पडवीत त्याची खाट टाकली, पितळी ताटली वेगळी केली. १९४८ च्या सुमारास एका सकाळी ती खाट रिकामी दिसली. वडिलांनी सांगितलं, काशीला गेला. "तेव्हा माझं लग्न ठरत होतं," आजी म्हणाली, आणि लगेच, "होग्ली बिडु," म्हणून कुशीवर वळली.

आमच्याही घरात तेव्हा धाकट्या बहिणीची स्थळं पाहणं चाललं होतं. आईनं मला हात जोडले, "सहा महिने कुठे बोलू नकोस रे." मी बोललो नाही. गोळ्यांचं पाकीट चष्म्याच्या डबीत घालून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवायचो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं, "रोग एकच, तर त्यांचं सगळं अंग गेलं आणि मला एकच चट्टा, असं कसं?" ते म्हणाले, "जंतू तोच. टी पेशींनी वेगळा निर्णय घेतला." मी बी.ई. झालेला माणूस, जीवशास्त्र बारावीतच सोडलेलं. पण आता प्रश्न माझ्या हाताचा होता. वाचत गेलो, अडलं की डॉक्टरांना विचारत गेलो.

टी पेशी म्हणजे आपल्या पांढऱ्या रक्तपेशींतला एक प्रकार. त्या अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. थायमसचा टी तोच यांच्या नावात आहे. तिथली परीक्षा कडक असते. जिला काहीच ओळखता येत नाही ती पेशी बाद, जी आपल्याच शरीरावर उठते तीही बाद. बहुतेक पेशी तिथेच संपतात. उरलेल्यांपैकी ज्यांच्या अंगावर सीडी-४ नावाची खूण असते, त्या हेल्पर टी पेशी. त्या स्वतः सहसा कुणाला मारत नाहीत. कुणी काय करायचं, ते त्या इतरांना सांगतात.

थायमसमधून बाहेर पडते तेव्हा ही पेशी कोरी असते. अंगात जंतू शिरला की पहाऱ्यावरची एक पेशी त्याचा तुकडा घेऊन काखेतल्या किंवा मानेतल्या गाठीत येते आणि तो कोऱ्या पेशीला दाखवते. दुसऱ्या एका खुणेनं हा धोका खरा असल्याचं पटवते. मग एक रासायनिक निरोप देते आणि त्या निरोपावर पेशीचा पुढचा धंदा ठरतो. इंटरल्यूकिन-१२ मिळालं तर ती टीएच-१ होते. ही पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडून भक्षक पेशींना चेतवते. इंटरल्यूकिन-४ मिळालं तर ती टीएच-२ होते. पोटातल्या जंतांशी लढणं हे हिचं काम, आणि ॲलर्जीतल्या शिंकांमागेही बहुतेक वेळा हीच. बुरशी आणि काही जिवाणूंसाठी टीएच-१७. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना शिकवणाऱ्या वेगळ्या. आणि लढाई आवरती घेणाऱ्या नियंत्रक टी पेशी आणखी वेगळ्या. या शेवटच्या पेशींवरच्या कामाला २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

यात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. टीएच-१ जे रसायन सोडते ते टीएच-२ ला दाबतं, आणि टीएच-२ चं रसायन टीएच-१ ला. म्हणजे सुरुवातीला तराजू जरासा जरी एका बाजूला झुकला, तरी तो पुढे आणखी त्याच बाजूला झुकत जातो.

मोसमन आणि कॉफमन यांनी ही विभागणी १९८६ मध्ये उंदरांच्या पेशींत दाखवली. माणसात ती स्पष्ट दिसली ती १९९१ मध्ये, आणि तीही कुष्ठरुग्णांच्या त्वचेत. या रोगाचा जंतू हॅन्सन यांनी नॉर्वेत १८७३ मध्येच शोधला होता. हा जंतू फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे लागण आणि पहिला चट्टा यांत अनेकदा काही वर्षं जातात. शिवाय तो राहतो भक्षक पेशींच्या आणि नसांतल्या पेशींच्या आत. तिथे त्याला गाठायला टीएच-१ चाच हुकूम लागतो. तो हुकूम जोरदार सुटला तर रोग एक-दोन चट्ट्यांतच अडकून पडतो. माझं तसं झालं. तराजू दुसरीकडे झुकला तर शरीर भरपूर प्रतिपिंडं बनवतं, पण ती पेशीच्या आत पोहोचत नाहीत. कडी आतून लागलेल्या घराबाहेर पोलिसांची गर्दी व्हावी, तसं. जंतू मग अंगभर पसरतो. आजीनं सांगितलेल्या खुणा याच दुसऱ्या टोकाच्या वाटतात. बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात, काही तर या बाजूकडून त्या बाजूकडे सरकतातही. टीएच-१७ आणि नियंत्रक पेशींचाही यात हात आहे, म्हणजे चित्र मी सांगतोय तेवढं सरळ नाही.

टीएच-१ जिंकली म्हणजे सगळं छान, असंही नाही. माझ्या हाताची ती जागा बधिर झाली ती मुख्यतः माझ्याच सैन्याच्या मारामुळे. लढाई नसेतच झाली. जंतू मेले, पण चट्ट्यावर आजही कापूस कळत नाही.

तराजू कुणाचा कुठे झुकेल, हे जन्मतः मिळालेल्या जनुकांवर आणि जंतूशी किती व कसा संपर्क आला यावर बरंचसं अवलंबून असतं. सुमारे ९५ टक्के माणसांना तर हा रोग होतच नाही. त्यांचं शरीर त्याला परस्पर परतवतं. बाबा आमटे हे नाव आपल्या घराघरांत आहे. वरोऱ्याला पावसात पडलेल्या तुळशीरामला पाहून ते आधी घाबरून पळाले आणि मग परतले, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पुढे कलकत्त्याला या रोगाचं शिक्षण घेताना त्यांनी प्रयोगासाठी हे जंतू स्वतःला टोचून घेतले. रोग झाला नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे खरं. पण ती त्यांची पुण्याई होती असं म्हणायचं, तर आजीच्या दादाचं ते पाप होतं असंही म्हणावं लागेल. मला दोन्ही मान्य नाही.

ऑगस्टमध्ये माझ्या गोळ्या संपल्या. त्या संध्याकाळी आजी मेथी निवडत बसली होती. तिला हे सगळं जमेल तसं सांगितलं. पेशींची नावं तिनं सोडून दिली. शेवटी विचारलं, "म्हणजे दादाच्या हातून काही चुकलं नव्हतं?"

"नाही, आजी."

"आणि माझ्या लग्नाला त्याच्यामुळे धोका..."

"घरच्यांना लागण होऊ शकत होती, म्हणून औषध हवं होतं. तेव्हा ते नुकतंच येऊ लागलं होतं. घरातून जायला मात्र नको होतं."

तिनं बराच वेळ मेथी निवडली. मग म्हणाली, "त्याची ताटली माळ्यावर आहे. काढ." मी काढली, चिंचेनं घासली. २०२२ मध्ये जाईपर्यंत आजी त्याच ताटलीत जेवली.

बहिणीचं लग्न त्याच डिसेंबरात झालं. तिनं लग्नाआधीच होणाऱ्या नवऱ्याला एकट्याला गाठून सगळं सांगितलं होतं, हे मला चार वर्षांनी कळलं. त्यानं म्हणे एवढंच विचारलं होतं, "गोळ्या चुकवत नाही ना?" हा लेख लिहू का, असं तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिही. पण आजीच्या दादाचंही लिही." आईला अजून पूर्ण पटलेलं नाही. तिची भीती मी समजू शकतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघालं तेही २०१९ मध्येच.

मंडळी, जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या देशात असतात. फिकट किंवा लालसर, न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा अंगावर दिसला, तर मलमं लावत बसू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध फुकट आहे. औषध सुरू झालं की लवकरच रुग्णाकडून दुसऱ्याला लागण होत नाही. त्याचं ताट, खाट, कपडे काही वेगळं करावं लागत नाही.

ती पितळी ताटली आता माझ्याकडे आहे. माझी मुलगी तिच्यात आमटी-भात खाते.