ऑक्टोबर नसलेली परीक्षा

विषय फुटबॉलचा आणि लेखक संस्कृतचा सेवानिवृत्त शिक्षक, हें पाहून कित्येक वाचकांस हंसूं येईल. येऊं द्यावें; आम्हांसहि येतें. ज्यानें सारी हयात मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं, वर्गाच्या खिडकीवर चेंडू आदळला कीं ज्याच्या कपाळास आठ्या पडत, त्यानें उतारवयांत चेंडूविषयीं लिहावयास बसावें, हा काळाचा महिमाच म्हटला पाहिजे. परंतु एका सायंकाळीं आमच्या ओसरीवर जें घडलें तें मनांतून जात नाहीं, आणि तें सांगावयाचें तर फुटबॉलवांचून गत्यंतर नाहीं.

तो दिवस रविवार, ता. ३ ऑक्टोबर २०२१ चा. साथीमुळें दीड वर्ष बंद असलेल्या शाळा दुसरे दिवशीं उघडावयाच्या होत्या. आमचें कळमेश्वर नागपुराहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें, संत्र्यांच्या बागांच्या मुलुखांतलें गांव. दिवेलागणीस घरांतील मंडळी ओसरीवर जमली होती. थोरले बंधू झोपाळ्यावर. वहिनी व आमच्या सौभाग्यवती दाराशीं बसून शेंगा फोडीत होत्या. आणि मध्यभागीं आमचा नातू भ्रमणध्वनीचा तो चिमुकला पडदा पाण्याच्या तांब्यास टेकवून बसला होता.

“कोण कोणाशीं खेळतें आहे रे?” बंधूंनीं विचारलें.

“गोवा आणि मोहमेडन स्पोर्टिंग, मोठे आजोबा. कलकत्त्यास. ड्युरँड चषकाचा अंतिम सामना.”

ड्युरँड हें नांव आम्हांस भूगोलांतून ठाऊक होतें. अफगाणिस्तानच्या सरहद्दीवर १८९३ सालीं जी रेषा ठरली ती ज्यांच्या नांवाची, त्याच सर मॉर्टिमर ड्युरँड यांनीं १८८८ सालीं सिमल्यास ही स्पर्धा सुरू केली. आशियांत याहून जुनी फुटबॉल स्पर्धा नाहीं. पहिल्या वर्षीं रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्स या पलटणीनें हायलँड लाइट इन्फन्ट्रीस २–१ असें हरविलें, आणि पुढें कित्येक वर्षें हा खेळ म्हणजे गोऱ्या पलटणींचा आपसांतला मामला होता. १९४० सालीं स्पर्धा दिल्लीस आली, आणि त्याच वर्षीं मोहमेडन स्पोर्टिंगनें रॉयल वॉरविकशायर पलटणीस २–१ असें नमविलें. हा चषक जिंकणारा तो पहिला हिंदी नागरी संघ. कलकत्त्याच्याच मोहन बागाननें त्याआधीं १९११ सालीं आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यांत ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा असाच २–१ नें पाडाव केला होता, आणि तेव्हां त्या अकरांपैकीं दहा गडी अनवाणी खेळले होते. हें नातवानें सांगितलें तेव्हां बंधूंनीं झोपाळा थांबविला.

आम्हीं त्यास आमच्या परीनें भर घातली. दंडीच्या दशकुमारचरितांत सुह्म देशांतील दामलिप्त नगरीचें वर्णन आहे. तेथील राजकन्या कंदुकावती विंध्यवासिनी देवीप्रीत्यर्थ सर्वांसमक्ष चेंडू खेळते आणि सारें नगर तो उत्सव पाहावयास लोटतें. दामलिप्त म्हणजे ताम्रलिप्ति, आजच्या बंगालमधील तमलुक. तेव्हां चेंडूसाठीं बंगाल्यानें वेडें व्हावें ही रीत कांहीं इंग्रजांनीं आणलेली नव्हे! नातवानें मान डोलावली खरी, परंतु डोळे पडद्यावरच होते.

स्पर्धेची रीतहि त्यानेंच आम्हांस समजाविली. त्या वर्षीं सोळा संघ होते. आधीं चार-चारांचे गट खेळले. त्यांतून आठ निवडले गेले, आणि तेथून पुढें बाद पद्धत: हरला तो घरीं गेला. आठांसाठीं सामने किती, असें आम्हीं परीक्षकाच्या संवयीनें विचारलें. त्यानें बोटांवर चार, दोन, एक मोजून सात सांगितले. आम्हीं म्हटलें, “मोजावयास नको. प्रत्येक सामन्यांत एक घरीं जातो, एकटा विजेता सोडून सातांनीं घरीं जावयाचें, म्हणून सात.” गणित बरोबर होतें. पण त्या ‘घरीं जावयाचें’ या शब्दांत काय भरलें आहे, हें आमच्या ध्यानीं थोड्या वेळानें यावयाचें होतें.

मध्यंतर झालें आणि अंगणांत पावलें वाजलीं. आमचा एक जुना विद्यार्थी मुलास घेऊन आला होता. आज त्याची चाळिशी उलटली आहे. संत्र्यांच्या बागेंत राबतो. सोबत पिशवीभर हिरवट संत्रीं. नमस्कार करून बसला आणि म्हणाला, “गुरुजी, ह्याले जरा समजवा न. नववीत हाय. पुस्तकाले हात नाई लावत, दिवसभर बॉल. उद्या शाळा उघडली का टीममंदी जातो मनते. तुमचं आयकन.”

वाचकहो, त्या क्षणीं आमची स्थिति काय झाली हें कळण्यास सव्वीस वर्षें मागें जावें लागेल.

सन १९९५ सालीं हाच विद्यार्थी आमच्या वर्गांत दहावीस होता. पायांत विलक्षण चपळाई. शाळाशाळांसाठीं सुब्रोतो मुखर्जी चषक म्हणून एक राष्ट्रीय स्पर्धा १९६० पासून भरते. तिचे खालचे सामने जिल्ह्याजिल्ह्यांत होतात आणि तेथेंहि बाद पद्धतच. शाळेचा संघ नागपुरास जावयाचा होता. अर्जावर वर्गशिक्षकाची सही हवी होती. आम्हीं ती दिली नाहीं. सहामाही जवळ आली होती, त्याचें इंग्रजी कच्चें होतें, आणि मुळांत खेळ हा अभ्यासाचा शत्रु अशी आमची दृढ समजूत होती. “आधीं दहावी, मग काय उड्या मारावयाच्या त्या मार,” असें सर्व वर्गासमक्ष सांगितल्याचें आम्हांस अजून आठवतें. मुलें हंसलीं होतीं. तो हंसला नव्हता. संघ त्याच्यावांचून गेला, पहिलाच सामना हरला आणि संध्याकाळच्या गाडीनें परत आला. पुढें मार्चमध्यें हा मुलगा इंग्रजींत नापास झाला तो झालाच. ऑक्टोबरास बसून पास झाला. म्हणजे आमच्या नकारानें त्याचा मार्चहि वांचला नाहीं.

आणि आज तोच बाप होऊन, आम्हीं त्यास जें केलें तेंच त्याच्या मुलास करावें म्हणून आमच्या दाराशीं आला होता! त्याच्या मनांत उपहास नव्हता, ही तर खरी बोचणी. आम्हीं त्या वेळीं योग्य तेंच केलें असें तो प्रामाणिकपणें धरून चालला होता.

आम्हीं घसा साफ केला. म्हटलें, “हें पहा, तुझ्या वेळीं दहावीची परीक्षा मार्चांत हुकली तर ऑक्टोबर असे. ऑक्टोबरांत हुकली तर पुन: मार्च. या सामन्यांना ऑक्टोबर नसतो. मुलगा तेवढ्या उंचीचा, तेवढ्या वयाचा, त्या सोबत्यांसह एकदांच असतो. त्यास जाऊं दे. अभ्यास आम्ही घेऊं.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग, आवाज यत्किंचितहि न चढवितां, संत्र्याची साल काढतां काढतां म्हणाला, “मंग तवा काहून नाई सांगतलं, गुरुजी?”

कोणी बोललें नाहीं. वहिनींनीं शेंगांचें सूप उगीचच हलविलें. उत्तर आमच्यापाशीं होतें, पण तें देण्याजोगें नव्हतें: तेव्हां आम्हांस माहीत नव्हतें; आणि माहीत नसतांनाहि आम्ही पूर्ण खात्रीनें बोललों.

पडद्यावर नव्वद मिनिटें संपलीं होतीं आणि कोणाचाच गोल नव्हता. अर्ध्या तासाचा जादा खेळ सुरू झाला. मुलगा हळूंच आमच्या नातवापाशीं सरकला. चारच दिवसांपूर्वीं, २९ सप्टेंबरला, गोव्यानें बंगळूरशीं २–२ बरोबरी करून पेनल्टींवर ७–६ असा निसटता विजय मिळविला होता, हें त्यास मुखोद्गत होतें. गोलरक्षक नवीन कुमार, ब्रँडन फर्नांडिस, सेरिटन फर्नांडिस, देवेंद्र मुरगांवकर हीं नांवें तो अशा वेगानें सांगूं लागला कीं आमच्या वर्गांत विभक्ति इतक्या वेगानें कोणीं म्हटल्याचें स्मरत नाहीं. १०५ व्या मिनिटास गोव्यास मोकळी किक मिळाली. समोर मोहमेडनचे गडी भिंतीसारखे उभे. गोव्याचा कर्णधार एदू बेदिया हा स्पॅनिश खेळाडू चेंडूपाशीं आला, आणि त्याच्या डाव्या पायाचा चेंडू वळत वळत जाळ्यांत शिरला. दोन्ही मुलें एकदम ओरडलीं. बंधू झोपाळ्यावरून उठून उभे राहिले.

एवढाच गोल झाला. गोव्यानें १–० नें सामना जिंकला आणि एफ. सी. गोवा या संघास हा चषक प्रथमच मिळाला. आमची दृष्टि मात्र मोहमेडनच्या गड्यांवर होती. १९४० चा तो मानकरी संघ आपल्याच गांवीं, आपल्याच लोकांसमोर हरला होता. कोणी गवतावर बसले होते, कोणी जर्सीनें तोंड पुसत होते.

आमचा विद्यार्थीहि त्यांच्याकडेच पाहत होता. म्हणाला, “खेळून हरले, गुरुजी. हे बरं हाय.” मग उठला, मुलाच्या डोक्यावर टपली मारली आणि “चाल, सकाळी शाळा हाय तुई,” म्हणून निघाला. मुलानें जातांना आमच्या नातवास कांहीं खूण केली. ती होय अशीच असावी.

त्यानंतर तो मुलगा आठवड्यांतून तीन दिवस आमच्याकडे इंग्रजी व संस्कृत शिकावयास येऊं लागला. पुढील वर्षीं शाळेच्या संघांतून तो खेळावयास गेला. परतला त्या दिवशीं सरळ आमच्याकडेच आला. गुडघा फुटलेला, कपडे मातीनें भरलेले.

“काय झालें?”

“पहिलीच मॅच हरलो, आजोबा. तीन-एक.”

“आणि तो एक?”

त्यानें गुडघ्याची माती झाडली आणि मान खालीं घातली. “माहा,” म्हणाला.

सौभाग्यवतींनीं त्यास दूध दिलें. आम्हीं पुस्तक काढलें. पण त्या दिवशीं पाठ घेतला नाहीं. तो एक गोल कसा झाला, तें पहिल्यापासून ऐकत बसलों.